हेंडरसनला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं का?

बर्फावरच्या हॉकीतला हा जुना वाद आहे, बघा तुम्हाला काय वाटतं.

28 सप्टेंबर 1972, मॉस्को. सोव्हिएत संघाविरुद्धचा आठवा, शेवटचा सामना. 34 सेकंद उरलेले असताना पॉल हेंडरसनने गोल मारला आणि कॅनडाने मालिका जिंकली. एनएचएलमधली त्याची कारकीर्द मात्र बेताचीच: 707 सामने, 236 गोल. टोरंटोच्या हॉल ऑफ फेममध्ये जायला 18 जणांच्या समितीत 14 मतं लागतात. मतदान गुप्त, त्यामुळे नकाराचं कारण बाहेर येत नाही.

‘एका गोलावर कसं घ्यायचं?’ हा आक्षेप रास्त आहे. प्रयोगशाळेत एकच वेगळा आकडा आला तर मीही आधी योगायोगच समजतो. पण सहावा आणि सातवा सामनाही त्याच्याच गोलने जिंकला होता! माझं मत हेंडरसनला.