बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधील माहिती कशी परत मिळवावी?

लग्नसमारंभाची छायाचित्रे, मुलांच्या बालपणीच्या चित्रफिती, प्रबंधाची टिपणे, दुकानाचे हिशेब, घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण... एके काळी कपाटात जपून ठेवला जाणारा हा ठेवा आता खिशात मावणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कमध्ये साठवला जातो. एखाद्या दिवशी ही डिस्क संगणकाला जोडूनही दिसत नाही, किंवा 'फॉरमॅट करायची आहे का?' असा प्रश्न पडद्यावर उमटतो आणि घरात एकच धांदल उडते. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. डिस्क बंद पडणे आणि तिच्यातील माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली घडली तरी दुसरी घडलेली असतेच असे नाही. बऱ्याचदा ती नंतरच्या उतावीळ उपायांमुळे घडते.

डिस्कच्या आत काय असते?

बाह्य हार्ड डिस्क ही संगणकात असते तशीच हार्ड डिस्क असते. फक्त ती वेगळ्या डबीत बसवलेली असते. डिस्क आणि यूएसबी केबल यांच्यात दुभाषाचे काम करणारा एक छोटा सर्किट बोर्ड या डबीत असतो. डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात. माहिती वाचणारे व लिहिणारे हेड तबकडीला स्पर्श न करता अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून या अंतराची कल्पना यावी. आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत ५० लाख अक्षरे मावत. आकार आणि क्षमता यांत तेव्हापासून प्रचंड फरक पडला असला, तरी फिरती तबकडी आणि तिच्यावरून सरकणारे हेड हे मूळ तत्त्व कायम आहे.

बिघाड नेमका कोठे?

बिघाडाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो.

१) वीज, केबल किंवा डबीतील बिघाड : हा सर्वांत सौम्य प्रकार. अडीच इंची डिस्क यूएसबी पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर इतकीच वीज मिळते. तबकड्या फिरू लागताना डिस्कला त्याहून अधिक वीज लागू शकते. त्यामुळे हबमधून किंवा लांब केबलने जोडलेली डिस्क कधी कधी सुरूच होत नाही. ती आखूड केबलने थेट संगणकाच्या पोर्टला आणि नंतर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अॅडॅप्टर असतो, तोही तपासावा. डबीतील सर्किट बोर्ड निकामी झाला असेल, तर आतील डिस्क काढून थेट संगणकाला जोडल्यावर सर्व फाइल्स जशाच्या तशा दिसू शकतात. मात्र काही मॉडेलमध्ये यूएसबी पोर्ट डिस्कच्याच सर्किट बोर्डावर असतो, तर काहींमध्ये डबीतील चिप सर्व माहिती सांकेतिक रूपात लिहिते. म्हणून मूळ डबी व तिच्यातील सर्किट बोर्ड टाकून देऊ नये.

२) फाइल व्यवस्थेतील बिघाड : लेखन चालू असताना केबल ओढल्यास किंवा वीज गेल्यास डिस्कवरील अनुक्रमणिका बिघडते. ग्रंथालयातील सूचीची कार्डे हरवली तरी पुस्तके कपाटात असतातच, तसाच हा प्रकार. फाइल 'डिलीट' केल्यावरही सामान्यतः केवळ तिची नोंद पुसली जाते. तिच्या जागी दुसरी माहिती लिहिली जाईपर्यंत मूळ मजकूर शिल्लक असतो. म्हणून फॉरमॅटच्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर द्यावे आणि त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. विंडोजमधील 'चेकडिस्क' हा दुरुस्ती प्रोग्राम अनुक्रमणिकेतच फेरफार करतो. त्यामुळे फाइल्स वाचवण्यापूर्वी तो चालवणे धोक्याचे ठरते.

३) यांत्रिक बिघाड : डिस्क खाली पडली असेल, तिच्यातून ठराविक अंतराने 'टक्‌ टक्‌' किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर तिचा वीजपुरवठा तत्काळ बंद करावा. हेड तबकडीला घासत असल्यास चुंबकीय लेप खरवडला जातो आणि गेलेला लेप कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह येथे सर्वांत महाग पडतो.

आधी प्रतिकृती, मग शोध

डिस्क फिरते आहे, आवाज करत नाही, पण वाचताना अडखळते, अशा वेळी फाइल्स एकेक करून उघडत बसू नये. प्रथम संपूर्ण डिस्कची प्रतिकृती तितक्याच किंवा अधिक क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यासाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे मोफत सॉफ्टवेअर उपयुक्त आहे. ते सहज वाचता येणारे भाग आधी उतरवून घेते, खराब भाग मागे ठेवते आणि शेवटी तेथे पुन्हा प्रयत्न करते. कोठवर काम झाले याची नोंद ठेवता येत असल्याने मधेच थांबवून पुढे चालू करता येते. मात्र मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर सारेच पुसले जाईल. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दोन्हींची नावे पडताळून घ्यावीत.

पुढचे सारे प्रयोग या प्रतिकृतीवरच करावेत. हरवलेले पार्टिशन शोधण्यासाठी 'टेस्टडिस्क' आणि फाइल्स शोधण्यासाठी 'फोटोरेक' ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. फोटोरेक अनुक्रमणिकेकडे न पाहता फाइलच्या आरंभीच्या विशिष्ट खुणांवरून ती ओळखते. त्यामुळे छायाचित्रे परत मिळाली तरी त्यांची मूळ नावे व फोल्डर मिळत नाहीत, तर तुकड्यांत विखुरलेल्या मोठ्या चित्रफिती अनेकदा अपुऱ्या निघतात. सापडलेल्या फाइल्स आणखी वेगळ्या डिस्कवर साठवाव्यात.

हे करू नये

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवल्यास ती चालू होते, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात बाहेर काढल्यावर आत बाष्प धरते आणि तबकड्यांचे नुकसान होते. घरात डिस्कचे झाकण उघडणे म्हणजे धुळीला निमंत्रण देणे होय. तशाच डिस्कचा सर्किट बोर्ड आणून बसवण्याची युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या जुळणीची स्वतंत्र माहिती तिच्या बोर्डावरील चिपमध्ये असते. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये. पाणी वाळताना गाळ व क्षार तबकडीवर चिकटतात. ती ओलसर स्थितीतच हवाबंद पिशवीत घालून तज्ज्ञांकडे न्यावी.

फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीबाबत वेगळी सावधगिरी हवी. त्यांतील 'ट्रिम' सुविधा चालू असल्यास पुसलेल्या फाइल्स परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते. 'बिटलॉकर'ने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी संकेतशब्द किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच.

प्रयोगशाळेत काय घडते?

यांत्रिक बिघाड झालेली डिस्क धूळविरहित कक्षात उघडून, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून तिची प्रतिकृती घेतली जाते. हे काम खर्चिक असते. तपासणीचे शुल्क किती, काहीच न मिळाल्यास आकार काय, मिळालेल्या फाइल्सची यादी पैसे भरण्यापूर्वी पाहता येईल का आणि खासगी माहितीच्या गोपनीयतेचे काय, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. डिस्क न पाहताच यशाची खात्री देणाऱ्यापासून दूर राहणे बरे.

अशा कामाचे एक विलक्षण उदाहरण 'कोलंबिया' यानाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणाऱ्या दुर्घटनेनंतर यानाच्या अवशेषांत एक जळालेली हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरील प्रयोगाच्या नोंदी तिच्यात होत्या. बाहेरचे भाग वितळले होते, पण तबकड्या वाकल्या नव्हत्या. तज्ज्ञांनी त्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. यानातील अन्य दोन डिस्कमधून मात्र काहीच हाती लागले नाही.

खरा उपाय

कोणत्या डिस्कच्या वाट्याला कोणते नशीब येईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून जाणकार '३-२-१' हा नियम सांगतात : महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरील साठवणुकीत असो वा नातेवाइकांच्या कपाटात. मूळ फाइल्स बाह्य डिस्कवर हलवून संगणकावरून पुसून टाकल्या, तर प्रत एकच उरते आणि तिला बॅकअप म्हणता येत नाही. वर्षातून एक-दोनदा प्रत्येक प्रतीतील काही फाइल्स उघडून पाहाव्यात, कारण न तपासलेली प्रत ऐनवेळी दगा देऊ शकते.