थांबवलेल्या आज्ञावलीची जबानी

1982 च्या ऑगस्टात लातूरचे तालुके वेगळे होऊन उस्मानाबाद जिल्हा आटला, आणि पुढच्याच वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी, तेरणा नदीचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. ज्या मुलखाने 1948 पर्यंत निजामाचा अंमल पाहिला आणि ज्याची मदार अद्यापही पावसाच्या नक्षत्रांवर आहे, त्या मुलखात ही घटना सामान्य नव्हती. महाराष्ट्रातील अशा महाविद्यालयांच्या संगणककक्षांत नव्वदीच्या दशकात बोर्लंड कंपनीचे ‘टर्बो सी’ नांदू लागले, आणि त्याच्या निळ्या पडद्यासोबत आज्ञावलीतील चुका शोधणारे डीबगर नावाचे साधन गाजावाजा न होता दाखल झाले.

त्याची पूर्वपीठिका पाहिली म्हणजे या आगमनाचे मोल कळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 हे यंत्र बसले, तेव्हा नामांकित शास्त्रज्ञांनाही छिद्रित कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकांच्या स्वाधीन करून वाट पाहावी लागे, आणि आज्ञावली मध्येच कोसळली तर हाती पडत ती स्मृतीतील आकड्यांची छापील भेंडोळी. म्हणजे मयताचा पंचनामा होई, साक्षीदाराची जबानी होत नसे. ती जबानी प्रथम शक्य झाली एमआयटीत, जेथे 1958 मध्ये आलेल्या टीएक्स-0 या यंत्रापुढे एकट्या मनुष्याला आपल्या नेमल्या वेळेत स्वतः बसता येई. तेथे स्टॉकहॅम व डेनिस यांनी ‘फ्लिट’ हा डीबगर रचला आणि पुढे 1961 च्या सुमारास पीडीपी-1 वर ‘डीडीटी’ आले. दोन्ही नावे कीटकनाशकांची, आणि ती ठेवण्यात मिस्कीलपणा होता हे उघडच आहे. त्याच काळात आपल्याकडे हिवतापाच्या मोहिमेत घरोघरच्या भिंतींवर खरीखुरी डीडीटी फवारली जात होती.

आज्ञावली ठरल्या जागी रोखावी, तिच्या पोटातील मूल्ये पाहावी, वाटल्यास बदलावी आणि तिला पुन्हा चालू द्यावे, ही डीबगरची रीत आजतागायत टिकली आहे. दहा विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज भलतीच येते असे समजा. टर्बो सीमध्ये कंट्रोल व एफ8 दाबून फेऱ्याच्या ओळीवर थांबा नेमावा, कंट्रोल व एफ7 ने ‘आय’ हा क्रमांक आणि ‘टोटल’ ही बेरीज यांवर पाळत बसवावी आणि एफ8 ने एकेक ओळ पुढे सरकावे: ‘आय’ नऊपर्यंत गेला तोवर हिशेब चोख असतो, पण तो दहा होताच, शून्यापासून मोजलेली यादी नऊवरच संपलेली असताना, ‘टोटल’मध्ये कुठला तरी परका आकडा मिसळतो. ‘पेक्षा लहान’ हवे तेथे ‘लहान किंवा समान’ लिहिले गेले, ही चूक कागदावर तासभर डोळे ताणूनही निसटते, पडद्यावर मात्र तत्काळ पकडली जाते.

कार्डांचे युग न पाहताच जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांना ही चैन लाभली, पण तिचा उपभोग थोड्यांनीच घेतला असे माझे मत आहे. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देणार नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत बरोबर उत्तराची छापील प्रत चिकटवली की गुण मिळतात, मग शोधाची कदर कोण करणार? विद्यापीठांनी निदान एका प्रश्नात सदोष आज्ञावली द्यावी आणि तिची तपासणी परीक्षकासमक्ष करून घ्यावी.