कांद्याची टोकं

मंडळी, आमच्या कळवणचं नाव काढलं की पाहुणे दोनच गोष्टी विचारतात. सप्तशृंगीचा गड किती लांब, आणि कांद्याला भाव काय? आज तिसरी सांगतो. कांद्याचीच आहे, पण भावाची नाही.

कांद्याला ओल लागली की खालून पांढरी मुळं फुटतात. मुळाच्या टोकाशी मूलपेशी (स्टेम सेल) असतात. त्यांचं विभाजन चालू राहतं म्हणून मूळ वाढतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हेच टोक रंगवून, काचेवर दाबून बघतात. कांद्याची गुणसूत्रं फक्त १६, पण चांगली दणदणीत! स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसिनचा परिणाम कांद्याच्याच मुळांवर तपासला. माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत, हे १९५६ साली सांगणाऱ्या दोघांपैकी एक हेच लेव्हान.

योगायोग बघा, १९३८ मध्येच हर्मन मुलर यांनी गुणसूत्राच्या टोकाला 'टेलोमिअर' हे नाव दिलं. क्षकिरणांनी तोडलेली गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, मूळची टोकं मात्र चिकटत नाहीत, हे त्यांनी फळमाशीत पाहिलं होतं. गोधडीचा काठ दुमडून शिवला की दोरे सुटत नाहीत, तसं काहीतरी या टोकांना असणार.

१९७८ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात टोकाची अक्षरं वाचली. डीएनएचा एक छोटा तुकडा तिथे पुन्हा पुन्हा येत होता. माणसात तो ६ अक्षरांचा निघाला, बहुतेक वनस्पतींत ७ अक्षरांचा. आणि कांदा? १९९० च्या दशकात जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी शोधलं, तर ती ७ अक्षरं कांद्यात नाहीतच! मग टोकं शाबूत कशी? वीसेक वर्षं हे कोडं राहिलं. २०१६ साली चेक संशोधकांनी कांद्याचा स्वतःचा, १२ अक्षरांचा तुकडा शोधून काढला. टोक होतंच, आपण दुसऱ्याच्या अक्षरांनी शोधत होतो.

पण नुसत्या अक्षरांनी टोक टिकत नाही, त्यावर प्रथिनं बसावी लागतात. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत सहा प्रथिनांच्या या संचाला 'शेल्टरिन' म्हणतात. त्यातलं टीआरएफ२ काढलं की टोकं एकमेकांना जुळतात, म्हणून ते अत्यावश्यकच मानलं जाई. २०२१ साली दोन गटांनी उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशींतून ते काढून पाहिलं. टोकं दुमडलेलीच राहिली, पेशी वाढत राहिल्या! त्याच पेशींपासून पुढच्या तयार पेशी बनल्या, की मात्र टीआरएफ२ वाचून चालेना.

मूलपेशींची टोकं सांभाळायला आणखीही हात लागतात. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन, आणि हे सगळं मिळून क्रोमॅटिन. भ्रूणाच्या मूलपेशींत एटीआरएक्स नावाचं प्रथिन टोकांवर एच३.३ हे खास हिस्टोन बसवतं, हे २०१० च्या सुमारास कळलं. ते कमी पडलं की टोकांवर इजेच्या खुणा दिसतात. २०११ मध्ये स्वादुपिंडाच्या एका प्रकारच्या गाठींत हेच एटीआरएक्स बिघडलेलं सापडलं. त्या पेशी नेहमीचं टेलोमरेज न वापरता, आडवाटेने टोकं लांबवून वाढत होत्या.

म्हणजे टोकांची राखण चुकली तर पेशी मरते, आणि भलत्याच रीतीने साधली तर कर्करोग. दोन्ही वेळा 'सगळ्यांचं सारखंच असणार' हे गृहीतक कोसळलं, एकदा कांद्यात आणि एकदा मूलपेशीत. अपवाद शोधायला लांब जावं लागतंच असं नाही. एक तर आमच्या चाळीतच पडून होता!