झोळीला झोळ हवा

चिखलदऱ्याला तंबू टाकायला जाणाऱ्या दोस्त मंडळींकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: हॅमॉक कुठला घ्यावा? फोटोपुरता नाही हं, रात्रभर झोपायला. मी मूळचा अकोल्याचा, पोटासाठी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे वऱ्हाडातल्या कुठल्याही ट्रिपचा मी आपोआप तज्ज्ञ ठरतो. उत्तर शोधता शोधता दोन शनिवार इतिहासात गेले. ते इथे उतरवून ठेवतोय.

सुरुवात घरापासूनच करू. वऱ्हाडात कापूस वेचायला गेलेली बाई बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधते आणि त्यात लेकरू टाकते. नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर कापड, दुहेरी केलं तरी चार मीटर उरतं. ही झोळी कधीही ताठ नसते, खोल लोंबते. आमच्या शेतावर येणाऱ्या एका मावशींना मी लहानपणी विचारलं होतं की जरा ओढून का नाही बांधत. "झोयीले झोय पायजे बापू, तानली का लेकरू भायेर!" असं म्हणून त्या वेचायला निघून गेल्या. (वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो, हे पुण्यातल्या वाचकांसाठी.) हॅमॉकचं अख्खं शास्त्र या वाक्यात आहे. बाकी जगाला ते विसरायला आणि परत शिकायला बराच वेळ लागला.

'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, 'हामाका'. कोलंबसाने १७ ऑक्टोबर १४९२ च्या रोजनिशीत बहामा बेटांवरच्या घरांतलं अंथरूण कापसाच्या जाळ्यासारखं असल्याची नोंद केली आहे. कापसाच्या! पुढे १५०० मध्ये काब्रालचं पोर्तुगीज आरमार ब्राझीलला लागलं, तेव्हा त्यांच्या लेखनिकाने याच वस्तूला 'रेदे', म्हणजे मासे धरायचं जाळं, असं नाव दिलं. ब्राझीलमध्ये आजही तेच नाव चालतं. तेच आरमार त्याच वर्षी कालिकतला पोचलं होतं.

कापसाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजी गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. उमरावती म्हणजे आपली अमरावती, तिच्यावरून इथल्या कापसाला परदेशी बाजारात 'ऊमरा' हे नाव पडलं होतं. तो आखूड धाग्याचा देशी कापूस. आज वऱ्हाडात जो पिकतो तो बहुतेक सगळा अमेरिकन जातीचा. म्हणजे हामाका जिकडून आला, तिकडचंच बियाणं आता आपल्या काळ्या मातीत आहे.

असो. हॅमॉकचं खरं वाटोळं केलं ते आरमाराने. इंग्रजी आरमाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो उचलला, पण जाडजूड कॅनव्हासचा, अरुंद आणि बराच ताणलेला. अठराव्या शतकात प्रत्येक खलाशाला टांगायला १४ इंच रुंदी ठरलेली असे, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणून प्रत्यक्षात दुप्पट जागा मिळे, एवढाच दिलासा. सकाळी तो घट्ट गुंडाळून डेकच्या कडेला रचायचा, लढाईत बंदुकीच्या गोळ्या अडवायला. आणि खलाशी मेला तर त्यातच शिवून समुद्रात सोडायचा. या वस्तूकडून आरामाची अपेक्षा कोणीच करत नव्हतं. पुढे बागेतल्या हॅमॉकला दोन्ही टोकांना लाकडी दांड्या आल्या. दिसायला झक्कास, पण वजन वर राहतं आणि कूस बदलली की माणूस खाली. रात्रीसाठी तो घेऊच नका.

आपल्याकडे झोळीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मेळघाटात पाहायला मिळतो. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला किंवा बाळंतपणाला अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या घोंगडीत घालून, खांद्यावरून दवाखान्यापर्यंत न्यायचं. इथल्या बालमृत्यूंची चर्चा १९९० च्या दशकात महाराष्ट्रभर झाली, रस्ते बरेच वाढले, तरी झोळीच्या बातम्या पावसाळ्यात अजून येतात. या झोळीत दोन्ही टोकं एकाच बांबूला, कापड आखूड, त्यामुळे अंग दुमडून पाठीची कमान होते. तिरकं व्हायला जागाच नसते. कळा देणाऱ्या बाईसाठी तो प्रवास काय असेल, याचा विचार 'कम्फर्ट' हा शब्द टाइप करताना माझ्या मनातून जात नाही.

तिरकं होणं हीच तर किल्ली आहे. मध्य अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये लोक हॅमॉकमध्ये लांबीत झोपतच नाहीत. मधल्या रेषेपासून थोडे तिरके झोपतात, मग कापड दोन्ही बाजूंनी पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. त्यासाठी कापड लांब हवं (तीन मीटरच्या वर), रुंद हवं (दीड मीटर तरी) आणि झोळ हवा. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांत ठेवा. आता थोडं गणित, सवय जात नाही. माणूस ७० किलोचा असेल तर ३० अंशांना प्रत्येक दोरीवर ताण ७० किलोचाच येतो. १० अंशांना तो सुमारे २०० किलो, ५ अंशांना ४०० किलो. फोटोत सरळ दिसावा म्हणून कचकचून ताणणाऱ्यांच्या दोऱ्या का तुटतात ते कळलं? दोन टोकांमधली दोरी कापडाच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवली की झोळ दर वेळी सारखा येतो: ३३० सेंटिमीटर कापडाला २७४.

कापड सुती घ्यावं की नायलॉनचं? मन सुती म्हणतं, पाठीवर वागवायला मात्र नायलॉन. सुती भिजलं की जड होतं आणि लवकर वाळत नाही. झाडाला बारीक दोरी नको, रुंद पट्टाच, नाहीतर साल सोलून निघते. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाला येईल तिथे टांगायचा विचारही नको, मुक्कामाच्या जागी विचारूनच.

शेवटचं थंडीचं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ ला असतो तेव्हा खालून खेळणारी हवा म्हणजे स्वर्ग. डिसेंबरात चिखलदऱ्याला तीच हवा पाठ गारठवते. गोधडी आत अंथरून भागत नाही, अंगाखाली ती दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. ती बाहेरून, हॅमॉकच्या पोटाखाली सैलसर बांधा, फट राहू देऊ नका.