कापसाचे पैसे करमुक्त, मग त्या पैशातून घेतलेल्या शेअर्सचा नफा?

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापूस विकला, पैसे बाबांच्या खात्यात आले. त्यातले लाखभर त्यांनी तुमच्या खात्यावर टाकले आणि तुम्ही मोबाईल ॲपवरून शेअर्स घेतले. सहा महिन्यांनी विकले तेव्हा ४०,००० रुपये सुटले. आता प्रश्न असा: शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, मग या ४०,००० वर का लागेल?

लागू शकतो. पैसा कुठून आला हे इथे बघितलं जात नाही, नफा कशातून झाला ते बघतात. कापूस विकून आलेली रक्कम हे शेतीचं उत्पन्न, ते करमुक्त. बाबांनी तुम्हाला दिलेली रक्कम ही जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेली भेट, तीही करमुक्त, कितीही असो. पण शेअर विकून झालेला नफा हा भांडवली नफा, म्हणजे कॅपिटल गेन. त्याचे नियम वेगळे. (खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ आणि नवीन करप्रणालीचे आहेत.)

"१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे अर्धंच खरं

शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड १२ महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के टॅक्स. १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर वर्षाला पहिल्या १.२५ लाख नफ्यावर काही नाही, त्यापुढे १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासून आहेत. आधी ते १५ आणि १० टक्के होते, म्हणून जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

१२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य होतो तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, आणि ही सवलत या खास दराच्या नफ्याला मिळत नाही. समजा तुमचा पगार वर्षाला ८ लाख आहे. ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन ७.२५ लाख उरतात, त्यावरचा टॅक्स सवलतीने शून्य झाला. पण शेअर्सच्या त्या ४०,००० वर २० टक्के म्हणजे ८,००० आणि त्यावर ४ टक्के सेस धरून ८,३२० रुपये भरावेच लागतात.

आता तोच ४०,००० चा नफा तुमच्या कॉलेजात शिकणाऱ्या बहिणीला झाला आणि तिला दुसरं काहीच उत्पन्न नाही, तर तिला टॅक्स शून्य. कारण ४ लाखांची मूळ मर्यादा तिची रिकामीच आहे, आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीला हा नफा त्या मर्यादेत बसवता येतो. मर्यादा वेगळी, सवलत वेगळी. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

मग सगळं आईच्या नावाने करावं का? आईला दिलेल्या पैशावरचा नफा आईचाच धरतात. बायकोला पैसे देऊन तिच्या नावाने घेतलं तर मात्र तो नफा फिरून तुमच्याच उत्पन्नात येतो.

एसआयपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे वेगळी खरेदी

१० एप्रिल २०२४ ला एसआयपी सुरू केली आणि २० एप्रिल २०२५ ला सगळे युनिट विकले. "वर्ष झालं की!" असं वाटेल. पण १२ महिने फक्त पहिल्या हप्त्याचे पूर्ण झालेत, बाकी सगळे हप्ते शॉर्ट टर्म. थोडेच युनिट विकले तर आधी घेतलेले आधी विकले असं धरतात. डेट फंडाचं आणखी वेगळं: १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी विकला तरी तुमच्या नेहमीच्या स्लॅबनेच मोजतात.

ॲपने काही कापलं नाही, म्हणून?

इथे राहणाऱ्या माणसाच्या शेअर्सच्या नफ्यावर ब्रोकर टीडीएस कापत नाही. काँट्रॅक्ट नोटमध्ये एसटीटी दिसतो, तो व्यवहारावरचा कर आहे, इन्कम टॅक्स नव्हे. पण विक्रीची माहिती पॅनसह आयकर विभागाकडे जातेच. स्वतः बघायची असेल तर पोर्टलवर किंवा 'एआयएस फॉर टॅक्सपेयर' या ॲपमध्ये एआयएस उघडा: व्याज, डिव्हिडंड, शेअर आणि फंडाची विक्री, सगळं एका जागी असतं. खरेदी किंमत तिथे कधी कधी चुकीची येते, त्यामुळे ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल रिपोर्ट डाउनलोड करून ताडून बघा. चूक असेल तर एआयएसमध्येच फीडबॅक देता येतो.

शेतीच्या पैशाचा पुरावाही जपा. बाजार समितीची हिशोबपट्टी, सातबारा आणि ई-पीक पाहणीतली नोंद. एका वर्षात बचत खात्यांत १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते कळवते, आणि मग "हे कापसाचे आहेत" एवढं तोंडी सांगून भागत नाही.

तोटा झाला तर रिटर्न आणखी महत्त्वाचं

शेअर्समधला तोटा पुढची ८ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. आयटीआर-२ ची नेहमीची मुदत ३१ जुलै. शॉर्ट टर्म तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून.

एफ अँड ओ करत असाल तर तो धंदा धरला जातो, फॉर्म आयटीआर-३. तोटा असला तरी दाखवायचा, फक्त तो पगारातून वजा होत नाही. इंट्राडेचा तोटा ४ वर्षंच पुढे नेता येतो आणि तो इंट्राडेच्याच नफ्यातून वजा होतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाल्याचं दिसलं. टेलिग्रामवरचे स्क्रीनशॉट उरलेल्या ७ टक्क्यांचे असतात, तेही खरे असले तर.

रिटर्न सबमिट केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. तोवर ते भरलं असं धरत नाहीत. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, तेव्हा जुनं सिम बंद झालं असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या.