सोळा आणे, शंभर नवे पैसे आणि नाते गावचे अर्थमंत्री

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते लागते. १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म याच गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. केंब्रिजमध्ये ते निसर्गविज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवून आले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, १९५५ साली, दशमान नाण्यांचा कायदा झाला. तोवर रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाला १९२ पै. कागदावरच्या हिशेबाला शंभर सोयीचे, यात वाद नाही. तरीही बाजारातल्या माणसाची कुरकुर निव्वळ अडाणीपणाची नव्हती. सोळा चार वेळा निम्मे होतात : ८, ४, २, १. शंभर दोनदाच, तिसऱ्या वेळी साडेबारा येतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून वाढलेल्या पिढीचे अवघे गणित या निम्मे-पाववर उभे होते.

शिवाय बदलाचा तक्ता पाहावा. आण्याचे खरे मोल सव्वासहा नवे पैसे, तक्त्यात मात्र ६. दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. एकेक आण्याच्या चार जिनसा चार गिऱ्हाइकांना विकणाऱ्याच्या हाती २४च पैसे येत. तीन आणे देणारा पाव पैसा अधिक मोजी. ‘यात कोणीतरी नाडला जातो’ हा संशय गणिताने खराच होता. रक्कम क्षुल्लक खरी, पण ज्याचा दिवसभराचा व्यवहारच आण्यांचा, त्याला ती क्षुल्लक कशी वाटावी?

तथापि या बदलासाठी लोकांना अवधी मिळाला. कायदा १९५५चा, नाणी १ एप्रिल १९५७ पासून. त्यानंतरही जुनी-नवी नाणी काही काळ सोबत चालली.

मुंबईच्या प्रश्नात असा धीर दिसला नाही. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध देशमुखांनी जुलै १९५६मध्ये राजीनामा दिला. १९५२ साली कुलाबा जिल्ह्यानेच त्यांना लोकसभेत पाठवले होते. मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच निर्णय जाहीर झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे लोकसभेतील मुख्य आक्षेप होते. पंतप्रधान नेहरूंना पहिला आक्षेप मान्य नव्हता.

१९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला. त्या निकालांची चर्चा ओसरण्याआधीच मतदारांच्या हाती नवा पैसा पडला. ज्यांच्या काळात त्याचा कायदा झाला, ते अर्थमंत्री तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. नाण्याच्या नावातला ‘नया’ हा शब्द १९६४ साली गळाला. ‘सोळा आणे खरे’ मात्र मराठीत अजून चालते.