सणाचा पिक्चर

भोर-वेल्ह्याकडच्या गावजत्रेचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला. रात्री देवाची पालखी आणि छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या आणि त्या रात्री करमणूक. वर्गणी चांगली जमली तर तमाशा, बेताची जमली तर ‘पडद्यावरचा पिक्चर’. घरटी पट्टी काढायची, मुंबईकर मंडळींनी वर भर घालायची आणि सोळा एमएमचं मशीन, पडदा, रिळांचे डबे आणि ऑपरेटर असं सगळं ठरावीक रकमेला ठरवून आणायचं.

देवळापुढच्या पटांगणात दोन बांबूंना पडदा ताणला की पुढं बायका-म्हातारी माणसं घोंगड्या टाकून बसत आणि पोरं मागं जात. मागं म्हणजे पडद्याच्या पलीकडं. तिथं गर्दी कमी आणि पाय पसरायला जागा. पातळ कापडातून चित्र आरपार दिसे, फक्त उलटं. नायक डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं तलवार उपसायचा आणि नामावली सुरू झाली की वाचता येणाऱ्यालाही अक्षर लागायचं नाही. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की अंधार. ऑपरेटर बॅटरीच्या उजेडात दुसरं रीळ चढवी तोवर शेंगदाणेवाल्याचा धंदा होई.

आणि पिक्चर जुना असे. ‘संत तुकाराम’, ‘जय संतोषी माँ’, ‘सोंगाड्या’, पुढं ‘माहेरची साडी’. निम्म्या गावानं आधी पाहिलेला. त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. पुढचा संवाद नटाच्या आधी म्हणणारा एक तरी गडी गर्दीत असायचा आणि लोक त्याला गप्प करण्याऐवजी हसायचे.

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतली कुटुंबं दरवर्षी तेच तेच जुने सिनेमे बघतात, याचं आपल्याकडं अलीकडं बरंच कौतुक होतं. पुण्यातली पोरंही डिसेंबरात ‘होम अलोन’ लावून बसतात. मला मात्र त्यात नवल वाटत नाही. सणाला जुना सिनेमा बघण्याची ही चाल आणि आमच्या जत्रेतला पडदा ही एकाच कुळातली भावंडं आहेत, आणि त्या कुळाचा एक धागा थेट गिरगावात निघतो.

गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला. फाळक्यांनी स्वतः १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिताना तो दिवस १९१० च्या नाताळातला सांगितला. नंतरच्या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती धुंडाळून एप्रिल १९११, म्हणजे ईस्टर, असा निर्वाळा दिला. नाताळ धरा नाहीतर ईस्टर, सण होता म्हणूनच तो पट लागला होता. ख्रिस्तचरित्राचे पट हे त्या काळच्या धंद्यातलं हमखास चालणारं नाणं होतं. पाथे, गोमाँ या फ्रेंच कंपन्यांनी ते काढले होते आणि बाकीचे पट महिन्या-दोन महिन्यांत शिळे होत असताना हे मात्र दर सणाला नव्यानं लावता येत. कथा प्रेक्षकाला पाठ असायची, त्यामुळं मूकपट असूनही समजावून सांगायची गरज पडत नसे.

फाळक्यांच्या डोळ्यांपुढं येशूच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो पट नेऊन दाखवला. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातच, कोरोनेशनमध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पण या गोष्टीचा धंद्याचा पैलू सहसा सांगितला जात नाही. फाळक्यांनी येशूच्या पटातून भक्ती उचलली तशी एक युक्तीही उचलली, असं मला वाटतं. प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेली कथा घ्यायची आणि तो जिथं जमतो तिथं ती न्यायची. ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८), ‘कालिया मर्दन’ (१९१९) ही नावं बघा. यातली एकही कथा प्रेक्षकाला नवी नव्हती. खेडोपाडी बैलगाडीतून यंत्र नेऊन खेळ दाखवल्याच्या हकिकती त्याच काळातल्या.

तंबूतला सिनेमा त्याहून जुना. कलकत्त्यात जमशेटजी मादन यांनी १९०२ साली मैदानावर तंबू ठोकून खेळ सुरू केले. अब्दुलअली युसुफअली तर आग्नेय आशियातल्या देशांत तंबू घेऊन फिरले आणि मग हिंदुस्थानात आले. महाराष्ट्रात या तंबूला जत्रांचं पंचांग मिळालं. गाड्या एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला जात. भोरवरून घाट चढून जाणारी मांढरदेवीची यात्रा पौष पौर्णिमेला, म्हणजे नाताळ सरल्यावर थोड्याच दिवसांत. तोवर भोर-वेल्ह्यातलं भात झोडून घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो आणि कामाचा जोर ओसरलेला. पुढं चैत्रापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावाचा देव उठतोच. मोठ्या यात्रेत तिकिटाचा तंबू, लहान गावात फुकटचा पडदा.

मग पिक्चर जुनाच का? लोक भक्तिभावाचं कारण देतात, तेही खोटं नाही. पण खरं कारण हिशेबाचं आहे. नव्या सिनेमाची प्रिंट आधी शहरातल्या थिएटरांत फिरायची, तिचं भाडं जबर. घासून घासून रेघोट्या उठलेली, मधली दोन-चार दृश्यं तुटून गेलेली प्रिंट स्वस्तात मिळे. जत्रेतला प्रेक्षक बांधलेला. लेकी माहेरी आलेल्या, मुंबईचे भाऊ सुट्टी टाकून आलेले आणि रात्री दुसरं करायला काही नाही. अशा प्रेक्षकापुढं नवं ते काय ठेवायचं? स्वस्त प्रिंट आणि बांधलेला प्रेक्षक एकत्र आले की सिनेमा आपोआप ‘सणाचा’ होतो.

हे आमच्याकडचंच आहे असं कुणी म्हणेल, तर अमेरिकेतला दाखला देतो. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा नाताळचा सिनेमा म्हणून आज शिरोधार्य. तो डिसेंबर १९४६ मध्ये न्यूयॉर्कला लागला तेव्हा खर्चही वसूल झाला नाही. पुढं १९७४ साली त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. म्हणजे कारकुनी चूक! टीव्ही केंद्रांना फुकटात दाखवायला एक सिनेमा सापडला, त्यात नाताळची रात्र होती, आणि मग दर डिसेंबरात दिवसातून कितीदा तरी तो दिसू लागला. दोन दशकांत एक पिढी त्यावर वाढली आणि पडलेला सिनेमा अभिजात ठरला. तिकडचा दुसरा मानाचा सिनेमा, ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’, तर १९४७ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला होता. उन्हाळ्यात लोक जास्त सिनेमे बघतात, हा स्टुडिओचा हिशेब. सांताक्लॉजची गोष्ट ऐन मेमध्ये!

आमच्या भागाला या कुळात एक खास मान आहे. दादा कोंडके जन्मले मुंबईत, नायगावच्या गिरणगावी चाळीत, पण घराणं मूळचं भोरकडच्या इंगवलीचं. गिरणीत गेलेल्या मावळ्यांची दोन गावं असतात, पगाराचं एक आणि जत्रेचं दुसरं. दादांनी ‘विच्छा माझी पुरी करा’तून लोकनाट्य गाजवलं, १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ काढला, १९७५ मध्ये ‘पांडू हवालदार’. त्यांच्या सलग नऊ सिनेमांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनेस बुकात गेली. शहरातल्या समीक्षकांनी नाकं मुरडली; त्यांच्या द्व्यर्थी विनोदांपैकी काही आज मलाही खटकतात. पण दादांचा सिनेमा मुळात फडातून उठलेला होता. गण, गौळण, बतावणी ज्याच्या कानावर जत्रेतच पडली, त्याला तो पडद्यावर बघताना परका वाटायचा प्रश्नच नव्हता. थिएटरातून उतरल्यावरही तो तंबूत टिकला, तो यामुळं. ‘माहेरची साडी’ (१९९१) आली तेव्हा बायकांची गर्दी झाली, तेही असंच. माहेरी आलेल्या लेकीसमोर माहेरचाच सिनेमा, तोही जत्रेत. डोळे पुसायला पदर पुरत नसत.

येशूचा पटही याच वाटेनं खेड्यांत आला. १९७८ मध्ये ख्रिस्तचरित्रावर तेलुगूत ‘करुणामयुडू’ निघाला. हिंदीत तो ‘दयासागर’ झाला आणि ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी जीपमध्ये मशीन घालून गावोगाव दाखवला. गिरगावात फाळक्यांनी पाहिलेली कथा अशी जवळपास सत्तर वर्षांनंतर त्यांच्याच पद्धतीनं खेड्यांत फिरली.

मग गावात व्हिडिओ आला. भाड्याचा टीव्ही, व्हीसीआर आणि एका रात्रीत तीन कॅसेट. जत्रेतल्या पडद्याला पहिला धक्का त्यानं दिला, दुसरा केबलनं. शहरांतली थिएटरं डिजिटल झाली तशी फिल्मची रिळंच निघेनाशी झाली. या शेवटच्या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला.

चाल मात्र मेली नाही, घरात शिरली. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सुट्टीच्या दिवशी मराठी वाहिन्यांवर लागला नाही असं क्वचितच होतं, आणि भोरातही माणसं पाहुण्यांसोबत तो पुन्हा बघतात. इथं एक गंमत आहे. अमेरिकेत ‘वंडरफुल लाइफ’ला १९९३ मध्ये मालक सापडला आणि त्याचं प्रक्षेपण वर्षाकाठी एक-दोनदाच होऊ लागलं. आपल्याकडं वाहिनीनं एकदा हक्क घेतले की दिलेली रक्कम वसूल करायला तोच सिनेमा येता-जाता लावतात. तिकडं मालकीनं सिनेमा दुर्मीळ केला, इकडं मालकीनं नको इतका सोपा केला.

जत्रेच्या वर्गणीतून आता बहुतेक गावं ऑर्केस्ट्रा आणतात, नाहीतर लावणीचा कार्यक्रम. एलईडी पडदा लागतो, पण त्यावर पाहुण्यांचे सत्कार आणि पुढाऱ्यांचे फोटो दिसतात. पिक्चर लावायचा प्रस्ताव कुणी मांडलाच तर भांडण ठरलेलं. भजनी मंडळाला ‘संत तुकाराम’ हवा असतो, तरण्या पोरांना दादा, आणि खर्च वाटून घेणारे मुंबईकर विचारतात, पाहिलेलंच बघायला पैसे कशाला?